पाचच्या बातम्यांतली ताई

३ मार्च, सोमवार

ठरलं! ताईच्या बातम्या मी घरी रेकॉर्ड करणार. दुपारी बस डेपोत चार नंबर फलाटाची घोषणा करता करता डोक्यात आलं आणि तेव्हापासून पाय जमिनीवर ठरत नाहीत.

काल ताई जेवायला आली होती. एकतीस तारखेला ती रिटायर होतेय आणि सहा एप्रिलला लेकीकडे निघतेय. लेकीचं बाळंतपण आहे, पुढे नातवंडाला सांभाळायला तिथेच राहायचं. लेक राहते विमानाने जावं लागेल इतकी लांब. बाबांना हे तिने हातांनी सांगितलं, मला आणि बायकोला तोंडाने. बाबांचा घास हातातच थांबला. मग खाली मान घालून पुन्हा जेवायला लागले.

बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत नोकरी केली, आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ताई गेली सव्वीस वर्षं टीव्हीवर पाचच्या बातम्यांत असते. निवेदिका बोलते आणि ताई खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून तेच हातांनी सांगते. बाबा पाच वाजता खुर्चीवर बसतात ते सव्वापाचलाच उठतात. मध्ये घराला आग लागली तरी बातम्या संपल्यावर विझवतील.

एक तारखेपासून चौकट बंद. त्याऐवजी पडद्याखाली अक्षरांची पट्टी धावणार आहे. मी बाबांना चिठ्ठीवर लिहिलं, ‘पट्टी वाचता येईल की.’ त्यांनी उलट लिहिलं, ‘वाचायला पेपर आहे. बातमी सांगायला माणूस लागतो.’ खिळे जुळवणाऱ्याचं अक्षर, मोत्यासारखं.

मग मी ताईला विचारलं, तुमच्या चॅनेलकडे जुन्या बातम्या असतीलच ना? तर नाही. साइटवर टाकतात त्यात चौकटच नसते, आणि चौकटीसकटचं तर कुणी ठेवतच नाही. म्हणजे सव्वीस वर्षांची ताई हवेत गेली! मी आहे तोवर शेवटचा दिवस तरी जाऊ देणार नाही. आणि एकच कशाला, पूर्ण महिना घेऊन ठेवतो. ताई गेली तरी बाबांनी रोज पाच वाजता एक लावायचं आणि बघायचं. बातम्या जुन्या असतील, पण ताई तर ताजी दिसेल.

बायको म्हणाली, “कल्पना चांगली आहे. पण हे सगळं करणार कोण?”

“मी!”

ती नुसतं “बरं” म्हणाली. तिचं बरं मला कधीच बरं वाटत नाही.

५ मार्च, बुधवार

स्वस्तात काय काय होतं याची यादी केली. डेपोत प्रत्येकाला विचारलं. कंडक्टर मंडळी बाकी कशात एकमत होत नाहीत, पण मला उंटावरून सल्ले द्यायला सगळे तयार.

शेजारच्या वकीलबाईंनी माळ्यावरून जुना व्हीसीआर काढून दिला. अडीच किलो धूळ आणि आत एक कॅसेट. लावला, लाल दिवा लागला, मी टाळ्या वाजवल्या. चौथ्या मिनिटाला त्याने कॅसेट गिळली. फीत बाहेर ओढताना वीत वीत करत अख्ख्या खोलीभर झाली. त्या कॅसेटवर वकीलबाईंचं लग्न होतं, हे मला नंतर कळलं.

त्या म्हणाल्या, “जाऊ दे हो, नवराही गेला, लग्नही गेलं.” तरी मला दिवसभर चोरट्यासारखं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

बिनखर्चाचा उपाय. बायकोचा मोबाइल डब्यांच्या उतरंडीवर ठेवून टीव्हीसमोर उभा केला. निकाल: टीव्हीच्या काचेत बनियनवर बसलेला मी, माझ्यामागे देशाचे अर्थमंत्री बोलताहेत, आणि माझ्या पोटाच्या आड ताई. बाबा हसून हसून खोकले. बायकोच्या फोनमधली जागा चार मिनिटांत भरली, तिने तिथल्या तिथे सगळं पुसून टाकलं.

बाबा हसले हे मात्र झकास. रविवारपासून गप्प होते.

९ मार्च, रविवार

सेट-टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला की तो आपला आपण रेकॉर्ड करतो! काय सोपं! दोन दिवस मी हवेत होतो. आज पेन ड्राइव्ह संगणकाला लावला तर संगणक म्हणतो, यात काहीच नाही. केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ते रेकॉर्डिंग फक्त त्याच बॉक्सवर चालतं, बॉक्स बिघडला किंवा बदलला की संपलं. आमचा बॉक्स वर्षाला एकदा बिघडतो. असल्या भरवशावर ताईला ठेवू शकत नाही.

ताई आली होती. माझा वायरींचा पसारा ओलांडून बाबांजवळ जाऊन बसली. दोघांचं तासभर चाललं होतं. हात नुसते भिरभिरत होते, मध्येच दोघं मोठ्याने हसले. मी विचारलं, काय झालं? ताई म्हणाली, “काही नाही रे, सांगून मजा नाही त्यात.”

जाताना दारात म्हणाली, “रोज अर्धा तास माझ्याकडे ये ना. महिनाभरात बरंच शिकवीन.”

“अगं, मला येतंच की. जेवण, चहा, औषध, डॉक्टर, अंघोळ, झोपा.”

“त्याला बोलणं नाही म्हणत. ती हॉटेलातली ऑर्डर झाली.”

ताईची जीभ हातांपेक्षा तिखट आहे. मी तिला सांगितलं की आधी हे तांत्रिक काम मार्गी लागू दे, मग शिकायला आयुष्य पडलंय. आई होती तोवर ती मध्ये असायची. मी सहा वर्षांचा असताना ती गेली आणि चौदा वर्षांची ताई मध्ये उभी राहिली. बाबांचं आणि माझं चिठ्ठ्यांवर व्यवस्थित चाललंय. कधी अडलं नाही.

११ मार्च, मंगळवार

युरेका म्हणतात ते हेच! संगणक दुरुस्त करणारा एक जण डेपोसमोर बसतो. काहीही विचारा, तो म्हणतो ‘बघू, करू’, म्हणून आम्ही त्याला बघू-करूच म्हणतो. त्याने खणातून अंगठ्याएवढी एक कांडी काढली. बॉक्समधून एक वायर टीव्हीला, दुसरी या कांडीला, कांडी संगणकाला. टीव्हीवर दिसतं ते संगणकात जमा.

“चालेल ना?” मी विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

चाललं! पाच वाजता बटण दाबलं, सव्वापाचला थांबवलं, परत लावलं तर ताई! बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी पडद्यावरच्या ताईकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं, तिथे साबणाची जाहिरात चालू होती. पुन्हा ताईकडे. संगणकाच्या पडद्यावर तिच्या चौकटीवर एक बोट ठेवलं. मला इतका आनंद झाला की मी बायकोला उचलायला गेलो. पाठीत चमक भरली, ती वेगळी गोष्ट.

१२ मार्च, बुधवार

भयंकर दिवस. रेकॉर्डिंग करायचा चांगला प्रोग्रॅम फुकट मिळेल म्हणून शोधत होतो, तर पडदा लालभडक झाला. ‘तुमच्या संगणकात सतरा धोके सापडले आहेत. काहीही बंद करू नका. या नंबरवर फोन करा.’ आणि आतून एक बाई ठणाणा बोंबलायला लागली. आमचा आठ वर्षांचा संगणक, त्यात सतरा धोके मावतात तरी कसे! मी लगेच फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलत होता की मी कार्डाचा नंबर सांगायला पाकीट उघडलं. एवढ्यात बायकोने भिंतीतला प्लग उपटला.

“डॉक्टर कधी आपणहून घरी येऊन आजार सांगतो का?” ती म्हणाली.

बघू-करूने संध्याकाळी येऊन तपासलं. धोका एकही नव्हता. “सतरातले सोळा नाहीत आणि सतरावा तुम्ही,” तो म्हणाला. हसण्यावारी नेलं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी रोज हजारो लोकांना माइकवरून सांगतो, अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका!

१४ मार्च, शुक्रवार

डिस्क भरली. एक बातमीपत्र चार जीबी खातं. संगणक म्हणतो, जागा नाही, काहीतरी पुसा. काय पुसू? लेकीचे शाळेचे फोटो आहेत, ती होस्टेलला आहे, विचारल्याशिवाय हात लावला तर जीव घेईल. शेवटी ताईच्याच तीन दिवसांच्या जुन्या फाइली पुसल्या. त्या काय, चाचणीच्याच होत्या. पुढे भरपूर येतील.

पण घोडं पुन्हा अडणारच होतं. मग मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, उपाय शोधला! नव्या प्रोग्रॅममध्ये ‘क्रॉप’ म्हणून बटण आहे. चित्राच्या चारही कडा कापायच्या आणि मधलं तेवढं ठेवायचं. कडांना असतं तरी काय? वर चॅनेलचं चिन्ह आणि घड्याळ, खाली सोन्याचे भाव. चार जीबीची फाइल दीड जीबीवर आली! चित्र तर काय सुंदर, निवेदिका पडदाभर, दात मोजून घ्या.

शिवाय बघू-करू म्हणाला की रेकॉर्डिंग चालू असताना चित्राची खिडकी उघडी ठेवू नका, म्हाताऱ्या संगणकाला दम लागतो. म्हणून ती बंद. फक्त लाल ठिपका बघायचा. तो मिचकावतोय म्हणजे काम चालू आहे.

बायकोला क्रॉपबद्दल सांगितलं. तिने विचारलं, “काही महत्त्वाचं नाही ना कापलं जात?” मी तिला सोन्याचे भाव मोबाइलवर दाखवले.

१७ मार्च, सोमवार

तपासणीची पद्धत बसवली. बॉक्सचा पेन ड्राइव्ह पुसून कोरा केला; रोजची फाइल त्यावरून मोबाइलमध्ये घेतो आणि डेपोत दोन घोषणांच्या मध्ये इअरफोन लावून, डोळे मिटून ऐकतो. बावीस वर्षं माइकपुढे बसलोय, आवाजातला खडासुद्धा मला कळतो. शुक्रवारची ऐकली: पंधरा मिनिटांत एक शब्द तुटलेला नाही. खणखणीत! ऐकण्याच्या नादात सहा नंबरची बस दोनवर लावली. चाळीस माणसं पिशव्या घेऊन धावली. मॅनेजरने बोलावून घेतलं, पण मी आज कुणाच्या बोलण्याचं वाईट वाटून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

१८ मार्च, मंगळवार

पाच वाजून सहा मिनिटांनी संगणक आपणहून बंद झाला आणि म्हणाला, ‘अपडेट चालू आहे. कृपया बंद करू नका. १२ टक्के.’ मी बंद कुठे करत होतो! तूच बंद झालास! सात वाजता ३४ टक्के. मी ओरडलो तेव्हा बायको धावत आली, बाबा मात्र शांतपणे पेपर वाचत होते. कधी कधी त्यांचा हेवा वाटतो.

अपडेट महिनाभर पुढे ढकलायची सोय असते. हे मला आज कळलं, बघू-करूला आधीपासून माहीत होतं.

२१ मार्च, शुक्रवार

कामावर निघता निघता बाबांना कालचं रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ सरकले आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोटाने टकटक केलं. मग माझ्याकडे बघून हातांनी काहीतरी विचारलं. खरंच, पडद्यावर तिथे धूळ बसली होती! मी रुमाल काढून स्वच्छ पुसून दिलं. बाबांनी पुन्हा टकटक केलं, मी पुन्हा पुसलं. ते खिशात पेन्सिल शोधत होते, पण मला उशीर झाला होता. पाठीवर थोपटून पळालो.

या वयात नजर काय तीक्ष्ण आहे त्यांची!

संध्याकाळी त्यांनी विषय काढला नाही. मी चहा विचारला, त्यांनी मान हलवली.

२३ मार्च, रविवार

ताईशी खटका उडाला. मी उत्साहाने तिला सात दिवसांची यादी दाखवायला गेलो. तारीख, वेळ, फाइलचं वजन, सगळं वहीत लिहिलंय. म्हटलं, एक लावून दाखवतो. ती म्हणाली, “मला नको रे, मी सव्वीस वर्षं तेच केलंय. मी गेल्यावर बाबा दिवसभर कुणाशी बोलणार ते सांग.”

“रोज पाच वाजता तू असशीलच की!”

“त्या फाइलीला बाबा काही विचारतील तर ती उत्तर देईल?”

मी म्हटलं, व्हिडिओ कॉल आहे, चिठ्ठ्या आहेत, मी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रिटायर होताना माणूस हळवं होतं, आधीच्या मॅनेजरचंही तसंच झालं होतं. मी विषय वाढवला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

तयारी कडेकोट. वीज गेली तर म्हणून वकीलबाईंचा इन्व्हर्टर चार दिवसांसाठी आणला. कॅसेटचं प्रकरण होऊनही दिला, बाई देवमाणूस आहे. वायरींवर चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली. इंटरनेटची वायर उपटून ठेवणार, म्हणजे सतरा धोकेही नकोत आणि टक्केही नकोत. सोमवारी अर्धा दिवस रजा. मॅनेजर म्हणाला, “बहीण रिटायर होतेय, तुला कशाला रजा?” म्हटलं, साहेब, बहीण एकदाच रिटायर होते.

३० मार्च, रविवार

बाबा केस कापून आले. उद्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. बायको म्हणते, “उद्या तू पण जरा बस आमच्यासोबत, बघ.” कसं बसू? लाल ठिपक्यावर कोण लक्ष ठेवणार? बघायला काय, नंतर हवं तितक्या वेळा बघता येईल, त्यासाठीच तर हा खटाटोप.

३१ मार्च, सोमवार, संध्याकाळी सहा

झालं! झालं! झालं!

पंधरा मिनिटं बारा सेकंद. ठिपका एकदाही अडखळला नाही. मी टीव्हीकडे पाठ करून संगणकासमोर बसलो होतो, एक हात माउसवर, एक इन्व्हर्टरवर. कान मात्र बातम्यांकडे. शेवटी निवेदिका म्हणाली की आमच्या सहकारी आज निवृत्त होत आहेत, त्यांचे आभार. मग काही क्षण शांतता. निवेदिका बोलत नव्हती, संगीतही नव्हतं, मला वाटलं आवाज गेला! वायर हलवून बघितली. तेवढ्यात शेवटचं संगीत वाजलं आणि जीव भांड्यात पडला.

मागे वळलो तर बायको पदराने डोळे पुसत होती आणि बाबा खुर्चीतून उठून उभे होते. मी बायकोला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “ताईंनी शेवटी काहीतरी सांगितलं. निवेदिका गप्प झाली तेव्हा. मला नाही कळलं, पण बाबांकडे बघूनच सांगितलं.”

काळजी नको, म्हटलं. सगळं पकडलंय. ताई आली की तिच्यासमोरच लावतो.

त्याच दिवशी, आठ वाजता

फाइलीत ताई नाही.

ताईला चॅनेलवाल्यांनी निरोपासाठी थांबवून घेतलं, म्हणून घरच्यांनाच बसवलं, बाबांना मधली खुर्ची दिली, लावलं. निवेदिका पडदाभर. पंधरा मिनिटं निवेदिका. शेवटच्या शांततेत निवेदिका हसून उजवीकडे खाली बघतेय, आणि ती जिथे बघतेय तिथे चित्र संपतं. कड कापलीय. मी कापलीय.

चौदा तारखेपासूनच्या सगळ्या फाइली उघडल्या. एकातही नाही. त्याआधीच्या मीच पुसल्या. दोन आठवडे रोज तपासत होतो, कानांनी. बाबांसाठी केलेलं रेकॉर्डिंग मी कानांनी तपासत होतो!

बाबांनी टकटक केलं तेव्हा मी धूळ पुसली. दोनदा.

बायकोने उठून संगणक बंद केला.

१ एप्रिल, मंगळवार

बघू-करूच्या टपरीवर तो यायच्या आधी जाऊन उभा राहिलो. पुसलेलं परत आणतात ना? त्याने तासभर खटपट केली. पहिल्या तीन दिवसांच्या फाइलींवर नवं लिहिलं गेलंय. आणि कापलेलं? “कापलेलं कुठे पडलेलं नसतं हो. ते घेतलंच नव्हतं,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो ‘बघू’ म्हणाला नाही.

ताईकडे गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं रागावेल, तर ती भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. मग विचारलं, “पण तू बघितलं असशील ना? शेवटचं?”

“मी ठिपक्याकडे बघत होतो.”

तिचं हसू थांबलं.

“काय सांगितलंस गं?”

“ते बाबांना सांगितलं होतं. त्यांना विचार.”

घरी येऊन चिठ्ठी लिहिली. बाबांनी वाचली, घडी घातली, पेन्सिल वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. मग दोन्ही हात माझ्यासमोर धरले. मला समजलं. हातांनी विचार.

मला ‘शेवटी’ची खूण येत नाही. ‘सांगितलं’ची येत नाही. पन्नास वर्षांचा घोडा मी, माझ्या बापाला एक प्रश्न विचारता येत नाही. खूप लाज वाटली. इथे लिहितानाही वाटतेय.

३ एप्रिल, गुरुवार

ताईकडे दोन तास. ती सामान बांधतेय, मी पेटीवर बसून हात हलवतोय. मला वाटायचं, हे शब्दाला शब्द असतं. तसं नाही! भुवया वर गेल्या नाहीत तर प्रश्न होतच नाही. ताई म्हणते माझा चेहरा दगडी आहे, बावीस वर्षं माइकपुढे बसून कुणी बघतच नाही म्हणून असा झालाय. आरशासमोर भुवया उचलण्याचा सराव केला. डेपोत मॅनेजर समोरून गेला, त्याला वाटलं मी त्याला काही विचारतोय.

‘शेवटी’ येतं. ‘ताई’ येतं. ‘काय’ येतं. मजा आहे यात! आज बसस्थानकावर दोन माणसं फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी भांडत होती आणि मला त्यातलं ‘काय’ कळलं!

५ एप्रिल, शनिवार

विचारलं.

दुपारचा चहा झाल्यावर बाबांसमोर स्टूल ओढून बसलो. ताईने शेवटी काय सांगितलं? माझ्याकडून ‘शेवटी’ उलटं झालं असावं, कारण बाबांनी माझी करंगळी धरून सरळ केली. पुन्हा विचारलं. भुवया इतक्या उचलल्या की कपाळ दुखलं.

बाबांनी सांगितलं. मला नाही कळलं. त्यांनी आणखी हळू सांगितलं. तिसऱ्यांदा तर एकेक खूण हवेत धरून ठेवली, मी होकार देईपर्यंत. दाराआडून बायको बघत होती.

ताईने सांगितलं होतं: ‘उद्यापासून बातम्या धाकटा सांगेल. त्याला अजून येत नाहीत. चुकला तरी बघा.’

एकतीस तारखेलाच सांगितलं होतं हे, सगळ्या देशासमोर. मला सोडून सगळ्यांना दिसलं.

६ एप्रिल, रविवार

ताईला विमानतळावर सोडलं. काचेच्या आतून ती आणि बाहेरून बाबा पंधरा मिनिटं बोलले. बाकीचे लोक काचेवर ओरडत होते, फोन लावत होते. आमच्याकडे आवाजच लागत नव्हता. शेवटी तिने मला एक खूण केली, ती मला कळली. ‘पाच वाजता.’

७ एप्रिल, सोमवार

दिवसभर डेपोत घोषणा कमी आणि पाठांतर जास्त. पाचला पाच कमी असताना बाबांनी टीव्ही बंद केला, खुर्ची फिरवली आणि इस्त्रीचा शर्ट नीट करत माझ्याकडे तोंड करून बसले. मी उभा राहिलो.

मुख्य बातमी: बस आठ, उशीर. दुसरी बातमी: मॅनेजर, राग. मग वकीलबाई, इन्व्हर्टर, परत दिला. ताई, विमान, पोचली, ठीक. हवामानात पाऊस सांगायला गेलो तर बायको फिस्सकन हसली, मी म्हणे अंघोळ सांगितली. बाबांनी चार वेळा माझी बोटं दुरुस्त केली. चार मिनिटांत माझे सगळे शब्द संपले. मी हात खाली घेतले.

बाबांनी घड्याळाकडे बोट केलं. ताईच्या पंधरा मिनिटांच्या असायच्या.

मी हात पसरून दाखवले, रिकामे. तेव्हा ते खुर्चीतून पुढे सरकले आणि उरलेली अकरा मिनिटं त्यांनी सांगितलं, मी बघितलं. अर्ध्याहून जास्त सुटलं. पण जे कळलं त्यात आई होती. मला वाटायचं बाबांनी तिच्याबद्दल मला कधीच काही सांगितलं नाही. सांगत असणार. आई बाबांशी बोलायला लागली की हातातलं सगळं खाली ठेवायची, झाकण, डाव, चिमटा, आणि गॅसवरचं दूध उतू जायचं.

मी भुवया उचलून विचारलं, रोज?

“रोज,” बाबा म्हणाले.